परकृतीतील फेरफार आणि न्याय्य वापराची कसोटी

दुसऱ्याने निर्माण केलेली कृती घेऊन तीत फेरफार करणे हा वाङ्मयाच्या इतिहासात नवा प्रकार नव्हे. भाषांतर, रूपांतर, विडंबन असे त्याचे भेद मराठी अभ्यासकाच्या परिचयाचे आहेत. आंतरजालाने या व्यवहारात जी भर घातली ती मुख्यतः प्रमाणाची होय. दुसऱ्याची चित्रफीत कापावी, तिला आपले भाष्य जोडावे, छायाचित्राचे रंग पालटावेत आणि ते पुन्हा लोकांपुढे ठेवावे, हे आज कोणासही घटकाभरात साधते. असे करणाऱ्याच्या मनात बहुधा एक समाधान असते : 'मी मूळ कृती जशीच्या तशी घेतली नाही, ती बदलली, म्हणून माझा वापर न्याय्य आहे.' या समजुतीची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही समजूत अमेरिकन विचाराच्या अर्धवट परिचयातून आलेली आहे, आणि भारतीय कायद्यात तर फेरफार हा बचाव नसून प्रसंगी आरोपच ठरतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम अमेरिकन विचाराकडे वळू. तेथील १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १०७ मध्ये न्याय्य वापराच्या चार कसोट्या दिल्या आहेत : वापराचा हेतू व स्वरूप, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण व महत्त्व, आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवर होणारा परिणाम. या विचाराचे मूळ न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी १८४१ साली वॉशिंग्टन यांच्या पत्रव्यवहारासंबंधी दिलेल्या निर्णयात सापडते. परंतु 'बदल' या कल्पनेला आजचे महत्त्व आले ते न्यायाधीश पिएर लेव्हल यांच्या १९९० च्या लेखामुळे. नवा वापर मूळ कृतीचे केवळ स्थान घेतो, की तिला नवा हेतू व नवा अर्थ देतो, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. आणि १९९४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला.

१९९४ चा तो निर्णय वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीनेही वाचनीय आहे. 'टू लाइव्ह क्रू' या गायकमंडळीने रॉय ऑर्बिसन यांच्या 'ओह, प्रिटी वुमन' या गीताचे विडंबन केले होते. त्यांनी परवानगी मागितली होती व ती नाकारली गेली होती. न्यायमूर्ती सूटर यांनी विडंबन आणि सर्वसाधारण उपहास यांत भेद केला. विडंबनाचे लक्ष्य मूळ कृती हेच असते, म्हणून तिचा आधार घेण्यावाचून त्यास गत्यंतर नसते. उपहासाचे लक्ष्य अन्यत्र असते. तेव्हा दुसऱ्याचीच कृती का वापरली, याचे समर्थन त्यास वेगळे द्यावे लागते. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेल्या 'झेंडूची फुले' (१९२५) या संग्रहाच्या वाचकास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे ज्या काव्यरीतीचे सोंग घेतले आहे तिचीच थट्टा आहे. त्याच निर्णयात आणखी एक मार्मिक विचार आहे. एखाद्या जहाल नाट्यपरीक्षणामुळे नाटक पडले तर ती हानी कायद्याने भरून द्यावयाची हानी नव्हे; तद्वतच प्रभावी विडंबनामुळे मूळ गीताची मागणी घटली तरी तो हक्कभंग होत नाही. मूळ कृतीची जागा बळकावणे आणि मूळ कृतीवर प्रहार करणे या दोन भिन्न गोष्टी होत.

हाच विचार आंतरजालावरील कृतींना कसा लागू होतो, हे न्यूयॉर्क येथील संघीय जिल्हा न्यायालयाच्या २०१७ च्या 'होसैनजादे विरुद्ध क्लाइन' या निर्णयावरून कळते. मूळ चित्रफीत ५ मिनिटे २४ सेकंदांची होती. क्लाइन दांपत्याने तिच्यातील ३ मिनिटे १५ सेकंदांचा भाग आपल्या सुमारे १४ मिनिटांच्या चित्रफितीत वापरला होता. म्हणजे मूळ कृतीचा निम्म्याहून अधिक भाग घेऊनही न्यायालयाने हा वापर न्याय्य ठरविला. कारण घेतलेला तुकडा लहान असो वा मोठा, त्यामागोमाग त्याच तुकड्यावरची टीका येत होती. आणि ती पाहिल्याने मूळ पाहण्याची गरज भागत नव्हती. परंतु याच निर्णयात एक सावधगिरीची सूचनाही आहे. अशा सर्वच 'प्रतिक्रिया-चित्रफिती' न्याय्य ठरतात असे नव्हे. काहींमध्ये भाष्य नाममात्र असून ते केवळ सर्वांनी एकत्र बसून मूळ चित्रफीत पाहण्यासारखे असते. अमुक सेकंदांपर्यंत घेतले तर चालते, हा लोकप्रिय नियम अमेरिकन कायद्यात नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

यानंतर २०२३ चा वॉरहॉल प्रकरणाचा निर्णय पाहावा. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ साली गायक प्रिन्स यांचे छायाचित्र घेतले. १९८४ मध्ये ते ४०० डॉलर घेऊन एका नियतकालिकास चित्राच्या आधारासाठी एकदाच वापरण्यास दिले गेले. अँडी वॉरहॉल यांनी त्यावरून मागितलेल्या चित्रापलीकडे आणखी अनेक चित्रे केली. आणि २०१६ मध्ये त्यांतील एक चित्र वॉरहॉल प्रतिष्ठानने १०,००० डॉलरांस मुखपृष्ठासाठी दिले. छायाचित्रकर्तीस काहीही मिळाले नाही. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी पहिल्या कसोटीवर तिचा पक्ष उचलून धरला. चित्र बदललेले होते, अर्थही नवा असेल. परंतु नियतकालिकात प्रिन्स यांचे चित्र छापणे हा हेतू दोहोंचा एकच होता. न्यायमूर्ती केगन यांनी भिन्नमत नोंदवून पूर्वकृतींवाचून कला उभी राहत नाही, असे आग्रहाने मांडले. ते खरेच आहे. परंतु त्यावरून पूर्वकृतीच्या कर्त्यास मोबदला नाकारावा असे निष्पन्न होत नाही.

या निर्णयाने मुळातला एक शब्दगत घोटाळा उघड केला. 'रूपांतर' हा मूळ हक्कधारकाचाच अधिकार आहे, असे कायदा म्हणतो. आणि 'रूप पालटणे' हाच बचाव आहे, असे टीकाकार म्हणतात. दोन्ही विधाने एकदम खरी मानली तर पहिल्यास अर्थच उरत नाही. म्हणून केवळ रूप पालटले एवढे पुरेसे नाही. ते कशासाठी पालटले हा खरा प्रश्न होय.

आता भारतीय कायद्याकडे येऊ. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क अधिनियमात सर्वसाधारण 'न्याय्य वापर' नाही. कलम ५२ मध्ये निश्चित हेतूंसाठी 'न्याय्य व्यवहार' आहे. संशोधनासह खाजगी वापर, टीका वा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्तनिवेदन हे ते हेतू होत. टीका 'त्या कृतीची अथवा अन्य कोणत्याही कृतीची' असू शकते, हे शब्द अमेरिकन भेदापेक्षा उदार आहेत. परंतु येथे 'बदल' या गुणाचा उल्लेखच नाही. उलट कलम ५७ अन्वये, कर्त्याच्या प्रतिष्ठेस वा लौकिकास बाध आणणारा विपर्यास, खंडन किंवा फेरफार झाल्यास दाद मागण्याचा हक्क, त्याने स्वामित्व विकून टाकले असले तरीही, त्याच्यापाशी राहतो. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने हे कलम चित्रपट-रूपांतरासही लागू केले. म्हणजे जो फेरफार तिकडे समर्थनाचा पहिला मुद्दा, तोच इकडे तक्रारीचा पहिला मुद्दा होऊ शकतो.

असे असूनही आपल्या न्यायालयांनी टीकात्मक फेरफारास जागा दिली आहे. तोप्पिल भासी यांच्या 'तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत' या अर्थाच्या शीर्षकाच्या १९५२ सालच्या मल्याळी नाटकास सिविक चंद्रन यांनी 'तुम्ही कोणाला कम्युनिस्ट केलेत?' या अर्थाच्या प्रतिनाट्याने उत्तर दिले. त्यात मूळ पात्रे व प्रसंग उचललेले होते. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने उचललेल्या भागाचे टीकेशी प्रमाण, उचलण्याचा हेतू, आणि दोन नाटकांतील स्पर्धेची शक्यता या तीन गोष्टी तपासून प्रतिनाट्याच्या बाजूने कौल दिला. मूळ नाटकाशी वाद घालावयाचा तर ते रंगमंचावर आणणे भागच होते.

एक शंका उरते. उत्तम विडंबन लौकिकास धक्का देतेच. मग कलम ५७ विडंबनास मारक ठरणार नाही काय? आमच्या मते येथे समीक्षक कायदेपंडितांस एक भेद सुचवू शकतो. विडंबनात सांधा उघडा असतो. कोणाचे शब्द कोठे संपले व थट्टा कोठे सुरू झाली, हे वाचकास ठाऊक असते. तेथे कर्त्यावर टीका होते, पण त्याच्या तोंडी खोटे घातले जात नाही. याउलट वक्त्याचे वाक्य मध्येच तोडून उलट अर्थ निघेल अशी चित्रफीत जुळविणाराचे सर्व कौशल्य सांधा लपविण्यात असते. पहिली हानी टीकेची, दुसरी विपर्यासाची. दोन्हींना एकाच मापाने मोजले तर एकतर टीका मरेल किंवा विपर्यास मोकाट सुटेल.

तात्पर्य, परकृतीत फेरफार करणाऱ्याने स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. माझा फेरफार मूळ कृतीविषयी किंवा अन्य एखाद्या कृतीविषयी असे काही सांगतो काय, की जे त्या उताऱ्यावाचून सांगता आले नसते? आणि मूळ कोठे संपते व मी कोठे सुरू होतो, हे पाहणाऱ्यास स्पष्ट दिसते काय? या प्रश्नांची उत्तरे म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. परंतु ज्याच्यापाशी दोन्हींचे 'होय' हे उत्तर आहे, त्याने टीकाकाराचे कार्य केले; ज्याच्यापाशी ते नाही, त्याने कितीही रंग पालटले तरी दुसऱ्याचेच धन आपल्या दारात मांडले.