जेरी ली लुईस : स्टुडिओतील ध्वनिमुद्रणे आणि रंगमंचीय सादरीकरण – एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना

रॉकाबिली हा 1950 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात उदयास आलेला संगीतप्रकार होय. गोऱ्या ग्रामीण समाजाचे कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या संकरातून तो घडला. या परंपरेतील गायक व पियानोवादक जेरी ली लुईस (1935-2022) यांच्याविषयी एक मत वारंवार मांडले जाते. ध्वनिमुद्रिकेत त्यांची केवळ छाया उमटते, खरे लुईस रंगमंचावरच भेटतात, असा त्या मताचा आशय आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या गाजलेल्या गीतांची तीन रूपे समोर ठेवून हे मत तपासून पाहिले आहे.

सन स्टुडिओ : संयमाची रचना

मेम्फिस येथील सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत लुईस यांनी 1956 पासून ध्वनिमुद्रण केले. 'होल लॉट्टा शेकिन् गोइंग ऑन' व 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' ही 1957 ची गीते तेथलीच. एका टेपरेकॉर्डरवरील ध्वनी दुसऱ्यावरून क्षणभर उशिरा परत आणून मूळ ध्वनीत मिसळण्याची युक्ती या स्टुडिओची ओळख ठरली होती. वादक मात्र एकाच लहान खोलीत, एकाच वेळी वाजवीत. म्हणजे सनमधील ध्वनिमुद्रण हेही एका अर्थाने सादरीकरणच होते. केवळ समोर श्रोते नव्हते.

'होल लॉट्टा शेकिन्'मध्ये एका टप्प्यावर लुईस आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर आणतात. जे. एम. व्हॅन ईटन यांचे ड्रमवादनही दबते आणि नंतर सर्वजण मिळून उसळी घेतात. हा परिणाम मायक्रोफोनच्या निकटतेतून साधला आहे. कुजबूज ऐकू येते म्हणूनच पुढील उसळी परिणामकारक ठरते. डाव्या हाताचा अखंड बूगी-वूगी ठेका आणि उजव्या हाताने पट्ट्यांवरून सरसरत घेतलेल्या धावा येथे स्वतंत्रपणे ऐकता येतात.

पुनर्ध्वनिमुद्रण : मधला दुवा

1963 साली लुईस सन सोडून स्मॅश या कंपनीकडे गेले. तेथे त्यांनी आपली जुनी लोकप्रिय गीते पुन्हा ध्वनिमुद्रित केली. 1964 मध्ये ती संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. गायक तोच, गीते तीच, पण या नेटक्या, गुळगुळीत आवृत्त्यांत मूळची निकड उरलेली नाही. स्टुडिओ आणि रंगमंच एवढीच विभागणी अपुरी आहे, हे येथेच स्पष्ट होते.

हॅम्बुर्ग : अतिरेकाची रचना

5 एप्रिल 1964 रोजी हॅम्बुर्ग येथील स्टार-क्लबमध्ये लुईस यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. साथीला नॅशव्हिल टीन्स हा ब्रिटिश वाद्यवृंद होता. फिलिप्स कंपनीने तो जर्मनीत प्रकाशित केला. येथे लय वाढलेली आहे, पियानोवर अक्षरशः प्रहार होतात आणि श्रोते गायकाच्या नावाचा घोष करतात. सनच्या मुद्रिकेत कुजबुजीने निर्माण केलेला ताण येथे गायक आणि समुदाय यांच्यातील ओढाताणीतून निर्माण होतो. मात्र याची किंमतही मोजावी लागते. पियानोचे बारकावे गोंगाटात बुडतात आणि साथीदार कित्येकदा गायकामागे धावताना जाणवतात. हँक विल्यम्स यांचे 'युअर चीटिन् हार्ट' हे मूळचे संथ गीतही या आवेगातून सुटत नाही.

या ध्वनिमुद्रणाकडे पुष्कळदा पतित नायकाचा सूड म्हणून पाहिले जाते. मे 1958 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात, नात्यातील 13 वर्षांच्या मुलीशी त्यांनी केलेला विवाह उघडकीस आला. दौरा अर्धवट सोडावा लागला आणि मानधन कोसळले. या घटनेला कलावंतावरील अन्यायाचे रूप देणारी मांडणी स्वीकारता येत नाही, कारण तीत त्या मुलीचे वय केवळ कथेची सजावट बनते. शिवाय त्या चरित्रकथेविनाही या सादरीकरणाचे सामर्थ्य कानांना पुरेसे प्रतीत होते. संगीताचे मूल्य मान्य करण्यासाठी आचरणाला सूट देण्याची आवश्यकता नाही.

समारोप

सनमधील लुईस खोटे आणि हॅम्बुर्गमधील खरे, असा निवाडा या तुलनेतून निघत नाही. सनमध्ये राखून ठेवण्याची कला आहे, हॅम्बुर्गमध्ये उधळण्याची. दोन्ही ठिकाणी गायकाला प्रतिसाद देणारे कोणीतरी आहे. एकीकडे खोलीतील मोजके साथीदार, तर दुसरीकडे घोष करणारा समुदाय. स्मॅशच्या आवृत्त्यांत हा प्रतिसादच हरवला आहे. म्हणून अशा ध्वनिमुद्रणांचे मूल्यमापन करताना ती कोठे झाली यापेक्षा, गायक कोणाला उद्देशून गात होता आणि त्याला उत्तर मिळत होते काय, हा प्रश्न आधी विचारणे उचित ठरेल.