बुस्कापेने न छापलेला फोटो

'सिटी ऑफ गॉड'मध्ये सगळ्यात आधी पळून जाते ती एक कोंबडी. सुरीला धार लावली जातेय, सांबा वाजतोय, शेजारी दुसऱ्या कोंबड्यांची पिसं निघतायत आणि दोरीने बांधलेली ही कोंबडी ते सगळं बघतेय. तिला काय समजायचं ते समजतं. दोरी सुटते आणि ती गल्लीबोळांतून धूम ठोकते. मागे पिस्तुलं घेतलेली पोरं. वाटेत एक मुलगा येतो, कॅमेरावाला. त्याचं नाव बुस्कापे, इंग्रजी सबटायटलमध्ये 'रॉकेट'. कोंबडी पकड, असा टोळीच्या म्होरक्याचा हुकूम. समोर टोळी, पाठीमागे पोलिस, मध्ये हा वाकलेला. तिथून कॅमेरा त्याच्याभोवती गरागरा फिरतो आणि आपण साठच्या दशकात जाऊन पडतो. हा मुलगा इथे येऊन कसा उभा राहिला, याची हकिगत म्हणजे पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट.

आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये हा चित्रपट प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर होता. पण बुस्कापेबद्दल कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. सगळे बोलायचे ते झे पेकेनोबद्दल. लहानपणी दादिन्यो असलेला, हसत हसत माणसं मारणारा, पुढे स्वतःचं बारसं नव्याने करून घेणारा झे पेकेनो. स्टेटसला त्याचा फोटो, ग्रुपवर त्याचे मीम. ज्याच्या तोंडून गोष्ट ऐकली तो मुलगा मात्र कुणाच्या लक्षात नाही. मलाही तो बराच काळ नुसता सूत्रधार वाटायचा, नाटकात पडदा उघडून बाजूला होणारा. गेल्या दोन वर्षांत मी हा चित्रपट तीनदा पाहिला, आणि आता मला वाटतं की यातली सगळ्यात अवघड गोष्ट त्याच्याच वाट्याला आली आहे. शेवटच्या दहा मिनिटांत तो दोन फोटोंमधून एक निवडतो. त्या निवडीबद्दल मला लिहायचं आहे.

आधी जागेबद्दल. सिदादे दे देउस, म्हणजे देवाचं शहर, ही रिओ द जनेरोच्या पश्चिमेला साठच्या दशकात सरकारने वसवलेली वसाहत. शहरातल्या झोपडपट्ट्या हलवून, पुरात घरं गेलेल्यांना आणून इथे बसवलं. चित्रपटाच्या पहिल्या भागात ती दिसते: एका मापाची घरं, सरळ रांगा, मातकट नारिंगी ऊन, आणि वीज-पाण्याची बोंब. पावलो लिन्स इथेच वाढला. आल्बा झालुआर या मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या गुन्हेगारीवर संशोधन करत होत्या, त्यांच्या हाताखाली तो काम करायचा. त्यातून 1997 साली त्याची जाडजूड कादंबरी आली. फर्नांदो मेरेलेस आणि सहदिग्दर्शक कातिया लुंड यांनी 2002 साली त्यावर चित्रपट केला. कादंबरीत माणसांची झुंबड आहे आणि बुस्कापे त्या गर्दीतला एक. पटकथाकार ब्राउलियो मांतोवानीने त्याला उचलून निवेदक केलं. ही तडजोड साधी नाही. शेकडो जणांची गोष्ट आता सुटलेल्या एकाच्या तोंडून येते. मेलेल्यांना अर्थातच काही बोलता येत नाही.

पण चित्रपट लक्ष देऊन पाहिला तर पळून जायचे प्रयत्न त्यात जागोजागी आहेत. कबेलेइराला बेरेनिसेबरोबर वस्ती सोडायची असते. गाडी मिळते, निघतातही, आणि पोलिसांच्या गोळीने तो रस्त्यात पडतो. बुस्कापेचा थोरला भाऊ मारेको त्याआधीच दादिन्योच्या हातून गेलेला. बेने हा झे पेकेनोचा जिवलग दोस्त आणि वस्तीतला सगळ्यांचा लाडका गुंड. तो अँजेलिकाला घेऊन शेतावर राहायला जाणार असतो. त्याच्या निरोपाची पार्टी चालू असते, लाइट उघडझाप करत असतात, गोळी झे पेकेनोसाठी सुटते आणि लागते बेनेला. माने गालिन्या हा बसचा कंडक्टर, देखणा, सरळमार्गी, सैन्यात नेमबाजी शिकलेला. तो झे पेकेनोच्या नजरेत येतो. त्याच्या मैत्रिणीवर बलात्कार होतो, घरावर हल्ला होतो, घरातली माणसं मारली जातात. मग तोही बंदूक उचलतो आणि पुढे एका पोराच्या हातून मरतो, ज्याच्या बापाला त्याने स्वतः मारलेलं असतं.

यातला एक मात्र खरंच सुटतो. आलिकाते. पोलिसांपासून लपत रात्र झाडावर काढताना त्याला काहीतरी दिसतं, आणि तो चर्चची वाट धरतो. पोलिस समोर येतात, पण पळणाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या मागे लागतात. आलिकाते चालत निघून जातो, चित्रपटातूनही. मला हे फार आवडतं. न पळणारा वाचला, एवढं दाखवून दिग्दर्शक पुढे सरकतो. त्याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, यात तो पडत नाही.

मग बुस्कापे कसा वाचला? प्रामाणिक होता म्हणून? अजिबात नाही. तो आणि त्याचा मित्र पिस्तूल घेऊन बस लुटायला निघतात, तर कंडक्टर निघतो माने गालिन्या, आणि तो इतका झकास बोलतो की त्याला लुटवत नाही. मग बेकरी, तर काउंटरवरची मुलगी गोड निघते. मग वाट चुकलेला एक गाडीवाला, तर त्याच्याशीच दोस्ती होते. हा प्रसंग विनोदी आहे, हॉलमध्ये हशा पिकतो, पण त्यात एक कडू हिशेब आहे. त्या दिवशी समोर आलेल्यांपैकी एक जण जरी तुसडा निघाला असता, तर आपल्याला वेगळा निवेदक शोधावा लागला असता. त्याआधी त्याने दुकानात नोकरी करूनही पाहिलेली असते. ती जाते कारण वस्तीतली चिल्लीपिल्ली तिथे चोरी करतात आणि मालकाला हा त्यांच्यातला वाटतो. सरळ मार्गाला लागायचं तर पत्ता आधी आडवा येतो.

कॅमेऱ्याचंही तसंच. बेनेच्या निरोपाच्या पार्टीत बेने तो कॅमेरा त्याला द्यायला निघतो, झे पेकेनो हिसकावतो, झटापट होते आणि त्याच गोंधळात बेने मरतो. ज्या वस्तूमुळे बुस्कापे पुढे सुटला ती त्याच्या आयुष्यात अशी आली. नंतर वर्तमानपत्रात माने गालिन्याचं नाव गाजतं म्हणून झे पेकेनोला मत्सर वाटतो आणि टोळीचा फोटो काढायला तो बुस्कापेला बोलावतो, कारण कॅमेरा चालवता येणारा दुसरा कुणी तिथे नसतो. बुस्कापे वर्तमानपत्राच्या कामाला लागलेला. तो रोल धुवायला देतो आणि त्याला न विचारता फोटो पहिल्या पानावर छापला जातो. आता आपण मेलो, असं त्याला वाटतं. झे पेकेनो मात्र फोटो पाहून खूश.

माझ्या कामात एक सवय लागते. काही बिघडलं की आधी माणूस शोधायचा नाही, यंत्रणा बघायची. म्हणून असेल, मला या चित्रपटातला सगळ्यात हुशार प्रसंग एका खोलीचा वाटतो. एक फ्लॅट, जिथून ड्रग्ज विकली जातात. कॅमेरा एका जागी ठेवलेला, हलत नाही. खोलीत आधी एक बाई, मग तिचा पोरगेला साथीदार, मग त्याचा कुणी. मालक बदलतात, भिंती काळवंडतात, सामान जातं-येतं, धंदा तोच. दोन-तीन मिनिटांत कळतं की झे पेकेनो हा राक्षस वगैरे नाही, त्या खुर्चीवरचा पुढचा माणूस आहे. इतरत्र हा चित्रपट इतका धावतो (दानिएल रेझेंदेचं संकलन, सेझार शार्लोनचा कॅमेरा, 2004च्या ऑस्करसाठी चार नामांकनं होती त्यांत ही दोन) की हा थांबलेला कॅमेरा जास्तच अंगावर येतो.

आता ते दोन फोटो. शेवटच्या गोळीबारानंतर पोलिस झे पेकेनोला पकडतात, आडोशाला नेतात, पैसे घेतात आणि सोडून देतात. बुस्कापे लपून हे टिपतो. मग त्यानेच पोसलेली लहान पोरं येतात आणि झे पेकेनोला गोळ्या घालून संपवतात. प्रेताचाही फोटो बुस्कापे काढतो. पोलिसांचा फोटो छापला तर तो रातोरात प्रसिद्ध होईल, आणि बहुधा मारलाही जाईल. प्रेताचा छापला तर वर्तमानपत्रात उमेदवारी मिळेल. तो प्रेत देतो.

मी याला भेकडपणा म्हणणार नाही. पोलिस कुठे राहतात हे त्याला माहीत नसेल, पण तो कुठे राहतो हे पोलिसांना माहीत आहे. प्रश्न वेगळा आहे. त्या वस्तीतली बंदूक कुठून येते, पैसा कुठे जातो, याचा एकमेव पुरावा त्याच्या हातात होता. शहराने मात्र मागितला तो दुसरा फोटो: एक मेलेला गुंड. शहराला परवडणारा. सुटकेच्या तिकिटावर ही किंमत छापलेली आहे. त्याला वस्तीतून बाहेर जाता येईल, पण वस्तीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच ठेवून.

मी तालुक्याच्या गावातून आलो, आता पुण्यात कोड लिहितो. गोळ्या-बिळ्या आमच्याकडे नव्हत्या. ती तुलना करणं निर्लज्जपणाचं होईल. पण गावच्या शाळेत 'यशस्वी माजी विद्यार्थी' म्हणून बोलावतात तेव्हा कोणती गोष्ट सांगायची हे आधीच ठरलेलं असतं. मेहनत, आईवडिलांचे कष्ट, जिद्द. माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा गणितात माझ्यापुढे होता आणि बारावीनंतर ट्रॅक्टरवर बसला, हे त्या भाषणात बसत नाही. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरूनच कळतं. बाहेर पडलेल्याकडून लोकांना एका ठरावीक फोटोची अपेक्षा असते, एवढं मला कळतं.

चित्रपटावर ब्राझीलमध्ये टीका झाली, आणि ती वाचल्याशिवाय त्याचं कौतुक करू नये. ग्लाउबर रोशाने 1965 साली 'भुकेचं सौंदर्यशास्त्र' मांडलं होतं: आमची भूक कुरूप आहे, ती कुरूपच दिसली पाहिजे. इवाना बेंतेस यांनी त्याच शब्दांना पीळ देऊन 'सिटी ऑफ गॉड'सारख्या चित्रपटांना 'भुकेची प्रसाधनं' म्हटलं. त्या वस्तीतल्याच एम व्ही बिल या रॅपरने तक्रार केली की चित्रपटाने वस्तीला बदनामी दिली आणि बदल्यात काही दिलं नाही. मला बेंतेस यांचं म्हणणं निम्मं पटतं. आमच्या हॉस्टेलचे स्टेटस त्यांचाच मुद्दा सिद्ध करत होते. पण तो चिमुकला पोरगा, ज्याला झे पेकेनो विचारतो की गोळी हातावर हवी की पायावर, त्याच्या रडण्यात कुठलंच प्रसाधन नाही. तो प्रसंग मी आजही पुढे सरकवतो.

शिवाय मेरेलेसने न छापलेला फोटो आपल्याला दाखवला. वर्तमानपत्राला जे मिळालं नाही ते प्रेक्षकाला मिळालं. चित्रपट बुस्कापेच्या तडजोडीवर तिथे मात करतो, आणि बेंतेस यांच्या टीकेला माझ्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हेच आहे.

यातली बरीच पोरं रिओच्या फवेलांमधली. कित्येक महिने कार्यशाळा घेऊन, संहिता हातात न देता त्यांच्याकडून काम करून घेतलं. नागराज मंजुळेच्या 'झुंड'मध्ये (2022) नागपूरच्या वस्तीतली पोरं अशीच पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आली होती. तिथेही सुटका आहे, पण विमानतळावरच्या तपासणीत नायक अडकतो, कारण खिशात सवयीचं पातं राहून गेलेलं असतं. मंजुळेला हे ठाऊक आहे की दार उघडलं तरी यंत्र वाजतंच.

पोरांचं पुढे काय झालं? सेउ जॉर्जे आणि आलिसे ब्रागा जगभर पोचले. काहींना पुन्हा कामच मिळालं नाही. 2013च्या 'सिटी ऑफ गॉड: दहा वर्षांनंतर' या माहितीपटात हे सगळे भेटतात. बुस्कापे झालेला आलेशांद्रे रॉद्रिगेस 2018 साली बातमीत आला, कारण एका प्रवाशाने ओळखलं की आपल्या उबरचा ड्रायव्हर तोच आहे. लोक हळहळले. मला त्या हळहळीचाच राग आला. अभिनयाची कामं नसताना माणूस गाडी चालवतो, यात लाज कसली? लाज असलीच तर जगभर गाजलेल्या चित्रपटाच्या पैशाच्या वाटपाबद्दल वाटावी. 2024च्या मालिकेत तोच पुन्हा बुस्कापे झाला, आता मुरलेला छायाचित्रकार, पुन्हा त्याच वस्तीत.

पाहणार असाल तर फोनवर पाहा हवं तर, पण हेडफोन लावा आणि शेवटची दोन मिनिटं सोडू नका. आता मला बुस्कापे कुणी म्हणत नाही, मी विल्सन रॉद्रिगेस, छायाचित्रकार, असं तो सांगतो. तेवढ्यात ती लहान पोरं तिथून जातात. झे पेकेनो मेला, धंदा आता त्यांचा. कुणाकुणाला उडवायचं याची यादी करायची म्हणतात. त्यावर एक जण विचारतो, लिहिता कुणाला येतं? दुसरा म्हणतो, मला थोडं थोडं येतं.