कोण जाणे?

ज्यानें आपला जीव वांचविला त्याचाच जीव घ्यावा काय, असें कोणासही विचारलें तर उत्तर एकच येईल. इतर पातकांस प्रायश्चित्त असेल, पण कृतघ्नतेस नाहीं, असें आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. कौरवांची बाजू अन्यायाची आहे हें कळत असूनही अंगदेशाच्या राज्याचें ऋण स्मरून कर्ण अखेरपर्यंत दुर्योधनाच्या पक्षास राहिला, आणि नेमक्या याच कारणासाठीं वाचकांचें मन त्याच्याकडे ओढ घेतें. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसास ज्याचा शेवट बेचैन करून सोडील असा एक जुना इटालियन चित्रपट आतां ब्लू-रे तबकडीवर घरबसल्या पाहावयास मिळतो. त्याचा नायक आपल्या उपकारकर्त्यास गोळी घालतो, आणि ती गोळी योग्य होती असें चित्रपट आपणांस सुचवितो. तें आपणांस पटतें काय, आणि पटत असेल तर कोणत्या कारणानें, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

दामियानो दामियानी यांनीं दिग्दर्शित केलेल्या १९६६ सालच्या या चित्रपटाचें मूळ नांव स्पॅनिश आहे: ‘किएन साबे?’ आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, ‘कोण जाणे?’ इंग्रजी प्रेक्षकांकडे तो ‘अ बुलेट फॉर द जनरल’ या नांवानें गेला. दोन नांवांतील हा फरक क्षुल्लक नव्हे. इंग्रजी नांव कथेंतील कटाकडे बोट दाखवितें. मूळ नांव मात्र नायकाच्या तोंडच्या त्या शब्दांवरून घेतलें आहे, जे तो कथेच्या शेवटीं उत्तरादाखल उच्चारतो. कट मध्यावर उघड झाला तरी चित्रपटाचें कांहीं बिघडत नाहीं. तें उत्तर समजलें नाहीं तर मात्र सारें पाहणें व्यर्थ होतें.

ज्यांस ‘वेस्टर्न’ म्हणतात ते घोडेस्वारांचे व पिस्तुलांचे चित्रपट मूळचे अमेरिकेचे. १९६४ सालीं सर्जिओ लिओने यांच्या चित्रपटानें त्यांस इटालींत नवा जन्म दिला, आणि स्पेनमधील आल्मेरियाच्या ओसाड प्रदेशांत असे चित्रपट भराभर तयार होऊं लागले. त्यांचा नायक बहुधा एकटा, अबोल व पैशाच्या मागें लागलेला असे. दामियानींनीं हेंच साहित्य घेतलें, परंतु कथा १९१० सालीं सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीच्या धुमाळींत नेऊन ठेवली. आपल्या कृतीस ‘वेस्टर्न’ म्हटलेलें त्यांस मान्य नव्हतें. पटकथेस व संवादांस अखेरचें रूप देणारे फ्रांको सोलिनास हे डाव्या विचारांचे लेखक. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धावरील ‘द बॅटल ऑफ अल्जीयर्स’ हा त्यांनीं लिहिलेला चित्रपट त्याच वर्षीं, १९६६ सालीं, प्रदर्शित झाला होता. पुढें अशा क्रांतिविषयक इटालियन चित्रपटांची एक परंपराच निर्माण झाली, आणि एमिलियानो सापाता या मेक्सिकन शेतकरी-नेत्याच्या नांवावरून समीक्षकांनीं तिला नांव दिलें. त्या परंपरेचा प्रारंभ बहुतेक जण याच चित्रपटापासून मानतात.

कथा थोडक्यांत अशी. सरकारी शस्त्रें घेऊन निघालेली आगगाडी एल चुंचो या दरोडेखोराची टोळी अडविते. अडविण्याची युक्ति अमानुष आहे: रुळांमध्यें एका लष्करी अधिकाऱ्यास जिवंतपणीं क्रुसावर बांधलेलें असतें. गाडींत बिल टेट नांवाचा एक तरुण, टापटिपीचा अमेरिकन बसलेला असतो. तो गाडी थांबविण्यास दरोडेखोरांस मदत करतो, स्वतःच्याच हातांत बेड्या अडकवून आपण कैदी असल्याचें भासवितो, आणि टोळींत प्रवेश मिळवितो. चुंचो त्यास लाडानें ‘निन्यो’ म्हणजे ‘पोरगा’ म्हणूं लागतो. टोळीचा धंदा सरकारी शस्त्रें लुटून क्रांतिकारक सेनापति एलियास यास विकण्याचा. टेटच्या सामानांत एक सोन्याची गोळी असते. ती शुभशकुनाची म्हणून जवळ ठेविली आहे असें तो चुंचोस सांगतो.

वाटेंत सान मिगेल हें गांव लागतें. तेथील गरिबांनीं जमीनदाराविरुद्ध डोकें वर काढलेलें असतें. चुंचो कांहीं काळ तेथें रमतो, गांवकऱ्यांस शस्त्रें चालविण्यास शिकवितो, त्यांचा रक्षक होण्याचें मनांत आणतो. पण टोळीस पैसा खुणावीत असतो. ती शस्त्रें घेऊन निघून जाते, आणि मशीनगन परत आणतों म्हणून तिच्या मागें गेलेला चुंचो परत येत नाहीं. पुढें एलियासच्या छावणींत तो शस्त्रांचे पैसे घेतो आणि त्याच वेळीं त्यास कळतें कीं, सान मिगेलचीं माणसें सैन्यानें कापून काढलीं. आपण मरणास पात्र आहों हें तो स्वतःच कबूल करतो. त्यास गोळी घालण्याचें काम त्याचाच भाऊ सांतो अंगावर घेतो. इतक्यांत दूरच्या टेकडीवरून टेटची बंदूक वाजते. सोन्याच्या गोळीनें सेनापति पडतो, दुसऱ्या गोळीनें सांतो पडतो, आणि चुंचो वांचतो.

येथवरची कथा चांगल्या साहसकथेची झाली. चित्रपटाचें खरें मोठेपण यापुढील थोड्या मिनिटांत आहे. सूड घेण्यासाठीं चुंचो टेटला शोधून काढतो, तों टेटनें त्याच्यासाठीं बक्षिसाच्या रकमेचा अर्धा वांटा राखून ठेविलेला असतो! तो आपला कट लपवीत नाहीं, मित्राचा वांटा बुडवीत नाहीं. चुंचोची दाढी होते, त्याच्या अंगावर उंची कपडे चढतात, आणि दोघे अमेरिकेस जाण्यासाठीं स्टेशनवर येतात. तिकिटाच्या खिडकीपाशीं गरीब मेक्सिकनांची रांग लागलेली असते. टेट त्यांना सहज बाजूस सारून पुढें जातो. त्यास त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. चुंचो मात्र हें पाहतो, आणि त्याच क्षणीं त्याचा निश्चय होतो. मला तुला मारलें पाहिजे, असें तो सांगतो. टेट कारण विचारतो. आणि उत्तर येतें, कोण जाणे! टेटचें प्रेत घेऊन गाडी अमेरिकेच्या दिशेनें चालूं लागते.

रांग मोडण्यासारख्या क्षुल्लक उद्धटपणासाठीं माणसाचा जीव घ्यावयाचा काय, असें कोणी म्हणेल. परंतु दामियानींनीं ही घटना निवडली यांतच त्यांची जाण दिसते. चुंचो अडाणी आहे. कोणी त्यास साम्राज्यशाहीवर व्याख्यान दिलें असतें तर तो जांभई देता. सेनापतीचा वध झाला, भाऊ मेला, गांव बुडालें, तरी सोन्याच्या नाण्यांनीं त्याचें मन क्षणभर झांकलें गेलेंच. पण त्या रांगेंत उभे असलेले लोक त्यास ओळखीचे आहेत. कालपर्यंत तो त्यांच्यांतलाच एक होता, आणि नवे कपडे अंगावर नसते तर आजही त्या हातानें त्यास असेंच बाजूस सारलें असतें. जें शब्दांनीं कळलें नसतें तें डोळ्यांनीं कळलें. आपणांपैकीं ज्यानें ज्यानें कोणत्याही कचेरीच्या खिडकीपुढें तासन्‌तास उभें राहून, मागून आलेल्या वजनदार माणसाचें काम आधीं झालेलें पाहिलें आहे, त्यास हें प्रकरण समजावून सांगण्याची जरुरी नाहीं.

आणि येथेंच कृतज्ञतेच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. उपकार करणाऱ्यानें तो कोणाच्या पदरचा केला, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. टेटनें चुंचोस प्राण दिले हें खरें. पण ते एलियासच्या व सांतोच्या रक्तानें विकत घेतलेले होते. त्यानें पैसे दिले, तेही त्याच खुनाचे. देणारा उदार होता, पण जें दिलें तें त्याचें नव्हतें. कर्णास मिळालेलें राज्य कोणाच्या हक्काचें होतें, हें कर्णानें विचारलें नाहीं, हीच त्याची शोकांतिका. चुंचोस तें विचारण्याची भाषा अवगत नाहीं, म्हणून तो ‘कोण जाणे’ म्हणतो. पण त्याचा हात मात्र उत्तर देऊन मोकळा होतो.

याच चित्रपटांत याचा एक पूर्वरंग येऊन गेलेला आहे. सान मिगेलचा जमीनदार मरणापूर्वीं विचारतो कीं, मी श्रीमंत आहें म्हणून मला मारतां काय? त्यास मिळालेल्या उत्तराचा आशय असा कीं, तसें नव्हे, आम्ही गरीब आहों आणि आम्हांस तसेंच ठेवण्यासाठीं तूं होतें नव्हतें तें सारें केलेंस म्हणून. प्रसंग प्रभावी आहे, तरी त्यांत लेखकाचा आवाज ऐकूं येतो. तिकिटाच्या खिडकीपाशीं लेखक पूर्ण गप्प आहे, आणि म्हणून तो प्रसंग श्रेष्ठ आहे.

अभिनयाच्या दृष्टीनें जान मारिया व्होलोंते व लू कास्तेल ही जोडी पाहण्यासारखी आहे. व्होलोंते यांचा चुंचो हंसतो, ओरडतो, मिठ्या मारतो, लहान मुलासारखा मशीनगनवर भाळतो. केव्हां केव्हां हें अंमळ अधिकच होतें. कास्तेल यांचा टेट उलट निर्विकार. तो दुष्ट दिसत नाहीं, क्वचितच संतापतो, आणि आपल्या मार्गानें चुंचोवर त्याचा लोभही आहे. सभ्य माणूस केवळ सभ्य असल्यामुळें निरुपद्रवी ठरत नाहीं, ही गोष्ट त्या गोऱ्या, कोंवळ्या चेहऱ्यानें जशी पटते तशी एखाद्या राकट खलपुरुषानें पटली नसती. सांतोचें काम क्लाउस किन्स्की यांनीं केलें आहे. परमेश्वराचें नांव घेत हातबाँब फेंकणारा हा धर्मवेडा डोळ्यांपुढून लवकर हलत नाहीं. लुईस बाकालोव यांचें संगीत कथेस साजेसें आहे.

तथापि एका महत्त्वाच्या ठिकाणीं आमचा या चित्रपटाशीं मतभेद आहे. टेटला मारल्यावर चुंचो आपले पैसे एका गरिबास देऊन टाकतो, याची भाकर घेऊं नको, सुरुंगाची दारू घे, असें ओरडतो, आणि हंसत हंसत रुळांवरून पळत सुटतो. चित्रपटगृहांत या शेवटास टाळ्या पडल्या असतील. पण घरीं, शांतपणें, पुन्हा एकदां पाहतांना सान मिगेल आठवतें. तें गांव दारूगोळ्याच्या नुसत्या अभावीं बुडालें नाहीं; परत येतों म्हणून सांगून गेलेला माणूस परत आला नाहीं, म्हणून बुडालें. तो माणूस स्वतः चुंचो होता. एलियासपुढें आपला गुन्हा कबूल करणारा चुंचो हा या कथेंतील सर्वांत उंच चुंचो आहे, आणि शेवटच्या हास्याच्या गडबडींत दिग्दर्शक त्यालाच विसरला आहे. दुसऱ्याच्या अन्यायास गोळी घालतां येते. आपल्या अपराधाचें काय करावें, याचें उत्तर सुरुंगांत नसतें. अन्यायाचें मूळ इतक्या नेमकेपणानें दाखविणाऱ्या लेखकानें त्यावरचा उपाय इतक्या घाईनें सांगावयास नको होता.

दुसरें न्यून स्त्रीपात्रांविषयींचें. मार्टिन बेझविक यांची आदेलिता ही टोळींतील एकटी स्त्री. जमीनदाराच्या घरीं त्याच्या पत्नीवर हात टाकण्याचा प्रसंग येतो तेव्हां आदेलिता आपल्यावर पूर्वीं झालेल्या अत्याचाराची आठवण काढते, आणि क्षणभर वाटतें कीं, क्रांतीच्या हिशेबांत स्त्रियांचेंही खातें उघडलें जाणार. पण कथा तेथून चटकन निघून जाते, आणि पुढें आदेलिताही कथेंतून निघून जाते.

हीं वैगुण्यें सांगूनही आम्ही हा चित्रपट पाहण्याची शिफारस करतों. त्यांतील हिंसा विचारांत घेतां लहान मुलांबरोबर तो पाहूं नये. परंतु कळत्या वयाच्या मुलामुलींबरोबर पाहावा, आणि पाहून झाल्यावर लगेच दिवा मालवून उठूं नये. चुंचोनें केलें तें बरोबर कीं चूक, हें एकमेकांस विचारावें. घरांत दोन पक्ष पडतील, पडावे. आपण खातों ती भाकर, आपणांस मिळालेली सवलत, आपल्यावर झालेली मेहेरबानी कोणाच्या पदरची, एवढा एक प्रश्न त्या बोलण्यांतून ज्याच्या मनांत उरेल, त्याला पुढच्या वेळीं रांगेंत उभें असतांना ‘कोण जाणे’ असें म्हणून सुटतां यावयाचें नाहीं.