भयाचे व्याकरण, आशेचे स्वरूप : मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटाविषयी

वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांचा परस्परसंबंध हा ईश्वरविज्ञानाचा जसा प्रश्न आहे, तसाच तो कथनमीमांसेचाही प्रश्न आहे. तिसऱ्या दिवसाची पहाट आधीच निश्चित असेल, तर शुक्रवारच्या मरणाला कितीसे वजन उरते? आणि ते मरण सर्वार्थाने खरे असेल, तर रविवारचा आनंद त्यावर बाहेरून लावलेले ठिगळ ठरत नाही काय? जॉर्ज स्टायनर यांनी 'द डेथ ऑफ ट्रॅजेडी' (१९६१) या ग्रंथात ख्रिस्ती जीवनदृष्टी मुळातच शोकात्मिकेला प्रतिकूल असल्याचे प्रतिपादन केले, ते या पेचाच्या पहिल्या बाजूवर बोट ठेवणारे होते. अखेरीस सर्व भरपाई होणार असेल, तर अंतिम हानी संभवत नाही. आणि अंतिम हानीवाचून शोकात्मिका नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे.

या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे. पुनरुत्थान हा कथेचा 'सुखान्त' आहे, आधीच्या दुःखाचा हिशेब चुकता करणारे ते शेवटचे प्रकरण आहे, हे ते गृहीत होय. चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत जुने मानले जाणारे, इ. स. ७०च्या आसपास सिद्ध झालेले मार्ककृत शुभवर्तमान या गृहीताला कितपत दुजोरा देते, हे त्याच्या शेवटाच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम संहितेची स्थिती लक्षात घेऊ. चौथ्या शतकातील सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या दोन महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत मार्कची संहिता सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपते. शब्बाथ सरल्यावर मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे या तिघी सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे जातात. दगड बाजूला लोटलेला असतो. आत शुभ्र वस्त्र ल्यालेला एक तरुण बसलेला असतो. वधस्तंभावर खिळलेला नासरेथकर येशू उठला आहे, तो येथे नाही, तो तुमच्यापुढे गालीलात जात आहे, हे शिष्यांना आणि पेत्राला सांगा, असे तो त्यांना म्हणतो. स्त्रिया थरथरत पळून जातात आणि कोणालाही काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. येथे संहिता थांबते. उठलेला येशू एकदाही दिसत नाही. पुढची बारा वचने (१६:९–२०) बहुसंख्य उत्तरकालीन हस्तलिखितांत आढळतात आणि चर्चने ती धर्मग्रंथात स्वीकारलेली आहेत. परंतु त्यांची शब्दकळा निराळी आहे आणि मरीया मग्दालीयेची ओळख ती जणू नव्यानेच करून देतात. ही भर मागाहून पडली, याविषयी अभ्यासकांत आज व्यापक सहमती आहे.

मग आठव्या वचनाशी झालेल्या या शेवटाचा उलगडा कसा करायचा? हस्तलिखिताचे शेवटचे पान गहाळ झाले, लेखकाला ग्रंथ पुरा करता आला नाही, किंवा त्याला हाच शेवट अभिप्रेत होता, असे तीन पर्याय मांडले गेले आहेत. पहिल्या दोहोंच्या बाजूने दिले जाणारे एक कारण व्याकरणाचे आहे. शेवटचे शब्द 'एफोबून्तो गार' असे आहेत. 'गार' म्हणजे 'कारण'. ग्रीकमध्ये हे अव्यय वाक्याच्या आरंभी येत नाही, पहिल्या शब्दानंतर येते. त्यामुळे दोनच शब्दांचे उपवाक्य असेल तर ते शेवटी पडणे नियमाला धरूनच असते. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हातारपणी पुत्र होण्याचे अभिवचन ऐकून हसलेली सारा आपले हसणे नाकारते, ते वाक्यही 'ती भ्याली' या अर्थाच्या क्रियापदाने आणि 'गार'नेच संपते. उभा ग्रंथ या अव्ययाने संपू शकतो काय, या प्रश्नाला व्हान डर होर्स्ट यांनी १९७२ मध्ये प्लॉटायनसच्या एका प्रबंधाचा दाखला देऊन होकारार्थी उत्तर दिले. म्हणजे हा शेवट अपरिचित असला तरी अशक्य नाही. एवढ्याने लेखकाचा हेतू सिद्ध होत नाही. परंतु उपलब्ध संहितेला पूर्ण मानून तिचा अर्थ लावण्याचा समीक्षकाचा अधिकार मात्र प्रस्थापित होतो.

हा अधिकार सर्वांत प्रभावीपणे बजावला तो फ्रँक करमोड यांनी. 'द जेनेसिस ऑफ सीक्रसी' (१९७९) या ग्रंथात त्यांनी मार्कची संहिता एका गूढ, वाचकाला उंबरठ्याबाहेरच तिष्ठत ठेवणाऱ्या कथनाचा नमुना म्हणून वाचली. त्यांच्या मते कथन अर्थाचे आमिष दाखवते आणि तो पुरता हाती येऊ देत नाही. शेवटाच्या विचित्रपणाला निस्तरण्याजोगी अडचण न मानता अर्थपूर्ण मानले, हे करमोड यांचे श्रेय निःसंशय आहे. तथापि त्यांच्या विवेचनात मौन हे अखेर मौनच राहते. हे मौन आणि हे भय मार्कने ग्रंथात आधी कोठे आणि कसे योजले आहे, हे पाहिले तर निराळे चित्र दिसते.

मौनाची गोष्ट आधी घेऊ. येशू पहिल्यापासून आपल्याविषयी बोलू नका असे बजावत असतो. १९०१ मध्ये विल्यम व्रेडे यांनी या आज्ञांना 'मसीहाचे रहस्य' असे नाव दिले, तेव्हापासून त्यांची चर्चा चालू आहे. या आज्ञा वारंवार मोडल्या जातात. कुष्ठरोगी बरा होतो आणि गावभर सांगत सुटतो. लोकांना जितके गप्प राहायला सांगावे, तितके ते अधिक बोलतात. नवव्या अध्यायात मौनाला मुदतही घालून दिलेली आहे : मनुष्याचा पुत्र मेलेल्यांतून उठेपर्यंत हे कोणाला सांगू नका. ती मुदत सोळाव्या अध्यायात संपते, 'सांगा' अशी आज्ञा मिळते, आणि नेमक्या त्याच क्षणी सांगणारे मुके होतात. ही उलटापालट योगायोगाची वाटत नाही. गप्प राहा म्हटले तेव्हा बोलणारे आणि बोला म्हटले तेव्हा गप्प राहणारे, असे मनुष्यस्वभावाचे एकसंध चित्र मार्कने रेखाटले आहे. शिष्य अटकेच्या वेळीच पळाले होते. वधस्तंभापासून दूर का होईना, पण उभ्या राहिलेल्या स्त्रिया तेवढ्या उरल्या होत्या. आता त्याही पळतात. ज्याच्या निष्ठेवर आशा टेकवावी असे कोणीही उरत नाही.

हे वाचन येथेच सोडले तर करमोड यांचा निष्कर्ष मान्य करावा लागेल. परंतु भयाचा धागा वेगळ्या दिशेने नेतो. शेवटच्या दोन वचनांतील दोन क्रियापदे ग्रंथात याआधी एकदा शेजारी-शेजारी आलेली आहेत. दहाव्या अध्यायात (१०:३२) यरुशलेमच्या वाटेवर येशू सर्वांच्या 'पुढे चालत' असतो आणि मागून येणारे 'भ्यालेले' असतात. 'पुढे जाणे' हे तेथे वापरलेले क्रियापद सोळाव्या अध्यायातील तरुणाच्या निरोपात परत येते. आणि 'एफोबून्तो' हे रूप तर अक्षरशः तेच आहे. पहिल्या प्रसंगी येशू वधस्तंभाकडे निघाला आहे, दुसऱ्या प्रसंगी गालीलाकडे. दोन्हीकडे तो पुढे आहे आणि मागची माणसे भयभीत आहेत. पहिल्या प्रसंगी मात्र ती भीत भीतच चालत राहिली होती. मार्कच्या जगात भय आणि अनुसरण परस्परांना वगळत नाहीत. बहुधा ती एकाच पावलात नांदतात. ज्या स्त्रियांविषयी मार्कने पंधराव्या अध्यायात 'गालीलात त्या त्याच्यामागून जात असत' असे आवर्जून नोंदवले, त्याच येथे भ्याल्या आहेत. म्हणून शेवटचे भय ही अनुसरणाची समाप्ती ठरत नाही. ते मागच्या वाटेवरचेच भय आहे, आणि वाट अजून संपलेली नाही.

दुसरी खूण निरोपातील एका धातुसाधितात आहे. तरुण येशूचा उल्लेख 'एस्टाउरोमेनॉन' असा करतो. हे पूर्णकालवाचक कर्मणी रूप आहे; क्रिया घडून गेली, पण तिची स्थिती टिकून आहे, असा त्याचा अर्थ. इंग्रजी भाषांतरांत ही छटा सहज निसटते. मराठीतील 'खिळलेला' हे '-लेला' प्रत्ययाचे रूप ती नेमकी पकडते. 'खिळला गेला' ही घटना झाली. 'खिळलेला' ही ओळख झाली. पौलानेही करिंथकरांना लिहिताना हेच रूप योजले होते. उठण्याची वार्ता ज्या वाक्यसमूहात येते, त्यातच ही ओळख पुसली न जाता कायम केली जाते. उठला आहे तो खिळलेलाच. पुनरुत्थान मरण रद्द करत नाही. कोण उठला हे मरणावाचून सांगताच येत नाही.

वधस्तंभाच्या प्रसंगाचे निवेदनही याच शिस्तीत आहे. लूक आणि योहान वधस्तंभावरील येशूच्या मुखी क्षमेचे, विश्वासाचे, कार्यपूर्तीचे उद्गार घालतात. मार्कमध्ये (आणि त्यामागोमाग मत्तयमध्ये) देवाने आपल्याला का टाकले असा एकच प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर नाही. त्यानंतर केवळ एक मोठी आरोळी. मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. त्यासाठी वापरलेले क्रियापद बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश 'फाटले' तेथेही आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणीने 'पुत्र' म्हटले. येथे आकाश काळवंडून मूक राहते आणि ते नाव उच्चारतो मृत्युदंडाच्या ठिकाणचा रोमन शताधिपती, तेही मरण पाहून. ओळख पटते ती रिकाम्या कबरेपाशी नाही, वधस्तंभापाशी.

मग आशेला आधार कोणता? येथे कथनातील अभिवचनांची व्यवस्था निर्णायक ठरते. येशूने तीनदा आपल्या मरणाचे आणि उठण्याचे भाकीत केले. पेत्राच्या नकाराचे केले, शिष्य पांगतील हेही सांगितले. शेवटच्या पानापर्यंत ही भाकिते एकेक करून खरी ठरलेली वाचकाने पाहिली आहेत. उरते ती गालीलातील भेट. ती दाखवली जात नाही. 'त्याने सांगितल्याप्रमाणे' एवढाच तिचा हवाला दिला जातो. वाचकाजवळ दर्शन नाही, शब्द आहे. शिवाय स्त्रिया कायमच्या गप्प राहिल्या असत्या तर हा ग्रंथच वाचकाच्या हाती नसता. ग्रंथाचे अस्तित्व हेच त्याच्या शेवटच्या वाक्यावरील भाष्य आहे. मौन मोडले गेले. कसे, ते सांगितलेले नाही. माणसांच्या अपयशाला ओलांडून वार्ता पुढे गेली, एवढेच ठरते.

यावर एक आक्षेप संभवतो. इतर शुभवर्तमानांत दर्शने आहेत, पौलाच्या पत्रात तर मार्कच्याही आधीची साक्षीदारांची यादी आहे. मग एका संहितेच्या मौनावर एवढा भार का? मार्क दर्शने नाकारत नाही. भेटीचे अभिवचन देऊन तो तिचे चित्रण तेवढे टाळतो. आणि दर्शने सविस्तर सांगणारा योहानही उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण ठेवतो. थोमाला ते दाखवले जातात. रीत निराळी, निर्णय तोच.

तरीही बारा वचनांची भर का पडली, हे मराठी वाचकाला समजणे अवघड नाही. निर्वहणसंधीत फलागम झालाच पाहिजे, ही अपेक्षा आपल्या नाट्यविचारात खोल रुजलेली आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'सारखी कृती अपवाद म्हणूनच सांगितली जाते. पुराणाचे श्रवण फलश्रुतीवाचून पुरे होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' (१६१६) ओवीत रचले, तेव्हा या कथेसाठी त्यांनी पूर्तीची सवय असलेला आकृतिबंध निवडला. ना. वा. टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. अपुरी पवित्र कथा पुरी करावी, ही प्रेरणा भक्तीची आहे आणि तिला हिणवण्याचे कारण नाही. बारा वचने लिहिणाराही याच अर्थाने मार्कचा आद्य वाचक होता. मात्र पूर्ती करताना काय गमावले, याचा हिशेब समीक्षेने ठेवला पाहिजे. त्या वचनांत वार्ता सांगितली जाते, दर्शने घडतात, चिन्हे सोबत येतात. भय मात्र नाहीसे होते, आणि त्याच्याबरोबर भिणाऱ्या वाचकाची जागाही.

हा प्रश्न केवळ आकृतिबंधाचा नाही. युर्गेन मोल्टमान यांनी आधी 'आशेचे ईश्वरविज्ञान' (१९६४) मांडले आणि मग 'क्रुसावरील देव' (१९७२) हा ग्रंथ लिहिला. आशेचा विचार करणाऱ्याला वधस्तंभाकडे परतावे लागले, हा क्रम बोलका आहे. वधस्तंभाला ओलांडून आलेली आशा सत्तेच्या आणि यशाच्या उत्सवात सहज सामील होते. ज्यांचा शुक्रवार अजून सरलेला नाही त्यांना ती लवकर डोळे पुसायला सांगते. मार्कचा शेवट हे सांत्वन देत नाही. तो दुःखिताला गप्प करत नाही आणि भ्यालेल्याला अपात्रही ठरवत नाही.

स्टायनर यांच्या आक्षेपाला यातून मिळणारे उत्तर असे : येथे हानीची भरपाई होत नाही, कारण खिळलेला खिळलेलाच राहतो, आणि हानी अंतिमही ठरत नाही, कारण तो पुढे गेलेला आहे. शोकात्मिका आणि सुखात्मिका या दोन्ही कोटी शेवटाला शेवट मानून चालतात. मार्कने 'कारण' या शब्दावर वाक्य थांबवले आणि पुढचे पाऊल वाचकाच्या भयावर सोपवले. ईस्टरच्या आशेचे याहून प्रामाणिक निवेदन करता आले असते, असे वाटत नाही.