‘बरं वाटलं’ हा पुरावा धरायचा का?

शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नावच मुळात फसवं आहे. धक्का झेलते स्प्रिंग. अ‍ॅब्सॉर्बरचं काम त्यानंतरचं: स्प्रिंगचं झुलणं थांबवायचं, तिच्यातली ऊर्जा उष्णतेत घालवायची.

सुरुवातीच्या महागड्या गाड्यांमध्ये हे काम घर्षणावर चाले. एकमेकांवर दाबलेल्या चकत्या, मध्ये एक बोल्ट. अडचण अशी की, घर्षणाचा विरोध वेगानुसार फारसा बदलत नाही. त्यामुळे बारीक खडीवर चकत्या जागच्या हलतच नाहीत आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. मोठ्या खड्ड्यात मात्र तोच विरोध अपुरा पडतो. बोल्ट आवळा, नाहीतर सैल करा, कुठेतरी तोटा आहेच. तेलाच्या अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल बारीक छिद्रातून ढकललं जातं, म्हणून हालचाल जितकी वेगवान तितका विरोध जास्त. आलिशान गाड्या हळूहळू तेलाकडे वळल्या त्या यामुळे.

आता मॉरिस ऑली यांच्याकडे येऊ. रोल्स-रॉइसमधून ते १९३० मध्ये कॅडिलॅकला आले. त्यांनी एका लांबलचक लिमोझिनवर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं बसवली आणि माणसं बसवून ती रस्त्यावर फिरवली. निष्कर्ष निघाला की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. तेव्हाची पद्धत नेमकी उलटी होती.

कारण सोपं आहे. समजा दोन्ही चाकांमधलं अंतर ३.६ मीटर आणि वेग सेकंदाला १८ मीटर. मग उंचवटा मागच्या चाकाला ०.२ सेकंद उशिरा भेटतो. मागची बाजू जरा जलद झुलली तर ती पुढचीला गाठते, आणि गाडी नाकावर डुलण्याऐवजी सपाट वर-खाली होते. पण मऊ स्प्रिंग आणि अखंड आस यांची जोडी जमेना, चाकं थरथरू लागत. म्हणून १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये पुढची चाकं एकमेकांपासून सुटी झाली.

काम सुंदरच आहे. तरी माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला: ‘मागची बाजू पुढचीला गाठते’ हे चित्र झुलणं बराच वेळ चालू राहील असं धरून काढलंय. चांगला अ‍ॅब्सॉर्बर असेल तर एक-दोन हेलकाव्यांत सगळं शांत होतं, गाठायला उरतंच काय? शिवाय वेग बदलला की ते ०.२ सेकंदही बदलतात.

दुसरा: आराम मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. हे ऑली यांनी स्वतःच मान्य केलंय. बसणाऱ्यांना काय वाटलं, तेच मोजमाप. वजनं कुठे आहेत हे ठाऊक असलेला माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला, तर त्यावर किती भरवसा ठेवायचा?

पण इथेच मी अडकते. त्यांनी एकाच दिवसात भरपूर बदल करून पाहिले, म्हणजे आधीची फेरी अंगात ताजी असतानाच पुढची. तुलना करायची तर याहून प्रामाणिक रीत कोणती? आज माझ्याकडे सीटवर संवेदक आहेत, आयएसओ २६३१ प्रमाणे कंपनाचा आकडा निघतो. तरी दोन सेटिंगांचा आकडा जवळजवळ सारखा येतो आणि मागे बसलेला मित्र म्हणतो, “दुसऱ्यात मळमळलं गं.” गेल्या वर्षी असे शेरे मी तक्त्यातून सरळ वगळले होते.

या प्रकरणात ते परत घेतेय, पण एका अटीवर: सेटिंग कोणतं आहे हे बसणाऱ्याला कळता कामा नये. ऑलींकडून घ्यायचं ते हेच, आणि त्यांच्यात दुरुस्त करायचं तेही हेच.