उपग्रहाद्वारे समुद्रपृष्ठालगतच्या आर्द्रतेचे अनुमान : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बिदरजवळील नौबाद येथे बहमनी काळातील करेझ म्हणजे भुयारी पाणीमार्ग आहे. जांभ्या दगडाच्या पठारात मुरणाऱ्या पावसावर तो अवलंबून असतो. या पावसाची बरीचशी वाफ समुद्रावरून येते. म्हणून समुद्रावरील बाष्पीभवनाचे मोजमाप हा केवळ किनाऱ्यावरील लोकांचा विषय नाही.

पद्धतीचे स्वरूप :
बाष्पीभवन काढण्यासाठी वाऱ्याचा वेग, समुद्रपृष्ठाचे तापमान व पृष्ठालगतच्या हवेतील आर्द्रता लागते. पहिल्या दोन गोष्टी उपग्रहाच्या सूक्ष्मतरंग उपकरणाने मिळतात. तिसरी थेट मिळत नाही. उपकरण हवेच्या संपूर्ण स्तंभातील बाष्पाची बेरीज देते. डब्ल्यू. टिमोथी लिऊ यांनी १९८६ मध्ये या बेरजेचा आणि पृष्ठालगतच्या आर्द्रतेचा मासिक सरासरीवर आधारित सांख्यिकीय संबंध मांडला. २६ मे १९९९ रोजी सोडलेल्या भारताच्या ओशनसॅट-१ वरील उपकरणात २१ गिगाहर्ट्‌झची वाहिनी होती. त्यामुळे असे अनुमान भारतीय उपग्रहाच्या आधारेही शक्य झाले.

गुण व मर्यादा :
जहाजे विरळ असलेल्या विस्तीर्ण समुद्राचे मासिक चित्र या पद्धतीने प्रथमच हाती आले, हे तिचे मोठे श्रेय होय. तथापि हा संबंध भौतिक नियम नसून सरासरीचा आहे. पावसाळ्यात पश्चिम अरबी समुद्रावर दमट हवेचा उथळ थर असतो व त्यावर अरबस्तानाकडून आलेली कोरडी हवा पसरते. अशा ठिकाणी स्तंभातील बाष्प कमी, पण पृष्ठालगतची हवा दमट असते. सूत्र तेथे आर्द्रता कमी दाखवते आणि बाष्पीभवन जास्त ठरते.

या चुकीचे प्रमाण लहान नाही. पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस असल्यास पृष्ठावरील संपृक्त आर्द्रता किलोग्रॅममागे सुमारे २३ ग्रॅम असते. हवेत १८ ग्रॅम असल्यास फरक ५ ग्रॅमचा राहतो. अनुमानात एका ग्रॅमची चूक झाली, तर बाष्पीभवनाचा आकडा २० टक्क्यांनी बदलतो. मासिक सूत्र एका दिवसासाठी वापरल्यास हा धोका वाढतो.

सुधारणा :
१९९३ मध्ये शुल्झ, श्लुसेल व ग्रासल यांनी संपूर्ण स्तंभाऐवजी खालच्या ५०० मीटर थरातील बाष्पाचा आधार घेतला. ही दिशा अधिक तर्कशुद्ध आहे. परंतु त्या थराचे बाष्पही अनुमानानेच मिळते. नांगरलेल्या बोयांवरील प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतेही सूत्र अरबी समुद्राला लागू मानता येत नाही.

निष्कर्ष :
लिऊ यांची पद्धत दीर्घकालीन सरासरीसाठी उपयुक्त आहे. मान्सूनच्या रोजच्या अभ्यासासाठी ती जशीच्या तशी वापरणे योग्य नाही. अनुमानित आर्द्रतेच्या प्रत्येक नकाशाबरोबर ऋतू व प्रदेशानुसार त्रुटीचे प्रमाण दिले गेले पाहिजे. त्याशिवाय तो नकाशा कितीही रेखीव असला, तरी पावसाच्या अंदाजासाठी पुरेसा आधार ठरत नाही.