मुक्या माराची नोंद

आपल्या भाषेत ‘मुका मार’ असा एक विलक्षण शब्दप्रयोग आहे. रक्त नाही, कातडे फाटलेले नाही, टाक्याची गरज नाही. आत कुठेतरी काही दुखावलेले आणि वर उमटलेली फक्त एक निळसर सावली. लेकरू रडून मोकळे होते, पाच मिनिटांत विसरूनही जाते, आणि मार मात्र त्याच्या नडगीवर नाहीतर कपाळावर चार-आठ दिवस मुक्याने बसून राहतो. या मुक्याला बोलता यावे म्हणून कोणी कागदावर चौकटी आखून ठेवल्या असतील, असे माझ्या कधी मनातही आले नव्हते. त्या मला दिसल्या इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात, एका नर्सरीच्या दारात.

नातू तीन वर्षांचा. आदल्या संध्याकाळी तो बैठकीतल्या बुटक्या टेबलावर आपटला होता आणि कपाळावर चांगले टेंगूळ घेऊन सकाळी माझे बोट धरून निघाला होता. दारातली तरुण मुलगी गुडघ्यांवर बसली, त्याच्याशी आधी त्याच्या नव्या बुटांविषयी बोलली, मग कपाळाकडे पाहिले, आणि आतून एक कागद घेऊन आली. ‘एक्झिस्टिंग इंज्युरी फॉर्म’. म्हणजे मूल आमच्या दारात आले तेव्हा जी इजा आधीच होती, तिची नोंद. खरे सांगतो, पहिला आला तो राग. आम्ही आमच्या नातवाला मारतो की काय? पण सही करण्यापूर्वी कागद वाचण्याची जुनी कारकुनी सवय कामी आली, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत येता येता मी आरोपीचा रसिक झालो होतो. तोच कागद आज आपण सावकाश, एखादी कविता वाचावी तसा, मिळून वाचू.

सुरुवातीलाच वेळेची चौकट आहे. तारीख तर कोणीही लिहील. इथे ‘आगमनाची वेळ’ हवी आहे. आठ वाजून चाळीस मिनिटे. या एका आकड्याने काळाचे दोन भाग पडतात: उंबऱ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. अलीकडे घर, आजी-आजोबा, बुटके टेबल, आंघोळीची गडबड. पलीकडे रंगखडू, वाळूचा हौद आणि दुसऱ्यांची मुले. उंबरा या वस्तूला आपल्याकडे केवढे माहात्म्य! त्यावर बसायचे नाही, त्यावर शिंकायचे नाही. त्याच उंबऱ्याला इथे घड्याळ लावलेले आहे. कपडे बदलताना, दहा वाजता, पाठीवर एखादी खूण दिसली, तर ती दहाचीच लिहायची. सकाळीच पाहिली होती असे मागाहून म्हणायचे नाही, आणि मग घरी फोन करून विचारायचे. पाहण्याचा क्षण आणि घडण्याचा क्षण वेगळे ठेवण्याची ही शिस्त मोठमोठ्या बखरकारांनाही साधलेली नाही.

त्याखाली या कागदाचे खरे वैभव आहे. दोन मानवाकृती, एक समोरून, एक पाठीमागून. नुसती बाह्यरेषा, आत कोरे. चेहरा नाही, केस नाहीत, मुलगा की मुलगी तेही नाही. याला तिथे ‘बॉडी मॅप’ म्हणतात, देहाचा नकाशा. मुलीने माझ्यासमोर आकृतीच्या कपाळावर एक बारीक फुली मारली आणि मी लगेच म्हणालो, “चुकलं, त्याला उजवीकडे लागलंय.” ती हसली. समोरून काढलेल्या आकृतीची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे असते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. उजवे-डावे ठरवायचे ते बघणाऱ्याच्या हाताने नव्हे, लेकराच्या हाताने! फुली मारण्यापूर्वी क्षणभर त्याच्या जागी जाऊन उभे राहावे लागते, त्याच्या बाजूने जगाकडे तोंड करावे लागते. सहानुभूती हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो. इथे ती भूमितीत उतरली आहे.

फुलीनंतर वर्णन. तिने विचारले, केवढे आहे? मी म्हणालो, सुपारीएवढे. आपली मापे अशीच: बोराएवढी गाठ, लिंबाएवढे गळू, सुपारीएवढे टेंगूळ. सगळी वैद्यकी परसातून आणि फडताळातून आलेली. तिने शांतपणे मोजपट्टी काढली, कपाळाला न टेकवता धरली आणि लिहिले: 2 सेंमी, गोल, सुजलेले, मध्यभागी निळसर, कातडे अखंड. बस. ‘भयंकर’ नाही, ‘किरकोळ’ही नाही. ‘पडल्यामुळे’ हा शब्दसुद्धा या चौकटीत नाही, कारण पडणे तिने पाहिलेले नव्हते. आपण वाचक म्हणून विशेषणांवर पोसलेलो असतो, त्यामुळे असा विशेषणांचा उपास आधी रुक्ष वाटतो. पण थोडे थांबून पाहिले तर कळते, की दोन सेंटिमीटरचे टेंगूळ इतक्या लक्षपूर्वक घरात आम्हीही पाहिलेले नव्हते. आम्ही हळद लावली होती.

निळसर लिहिले, पण किती दिवसांचे ते लिहिले नाही. ही गाळलेली जागा मला फार आवडली. लाल म्हणजे ताजे, निळे म्हणजे कालचे, हिरवे-पिवळे म्हणजे आठवड्याचे, असे कोष्टक आपल्या सर्वांच्या डोक्यात असते. 2005 साली मुलांवरच्या अशा अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेण्यात आला तेव्हा निष्पन्न झाले ते हेच, की नुसत्या रंगावरून माराचे वय खात्रीने सांगता येत नाही. म्हणून चांगली नोंद रंग लिहिते आणि वय सोडून देते. सावळ्या कातडीवर तर हे रंगही धड दिसत नाहीत. ‘काळेनिळे पडले’ म्हणताना आपल्या भाषेने काळ्याला पहिले स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे.

आणि जागा? नडगी, गुडघा, कोपर, कपाळ, हनुवटी: जिथे हाड कातडीच्या लगेच खाली असते आणि जिथे धावणारे मूल जगाला प्रथम भेटते. या जागांवरच्या खुणा म्हणजे बाळपणाची रोजनिशीच. कान, मान, पोट, पाठ या जागा मात्र मऊ किंवा आडोशाच्या. तिथली खूण वाचणाऱ्याला थबकवते. वयाचेही तसेच. सिएटलमधल्या डॉक्टरांनी 973 लहान मुलांच्या अंगावरच्या खुणा मोजून 1999 साली एक निबंध लिहिला. चालणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या अंगावर कुठे ना कुठे मुका मार होता. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. निबंधाचे शीर्षक चक्क यमकात आहे, आणि त्याचा आशय असा, की जे अजून धरून धरून चालू लागले नाही त्याला मार सहसा लागत नाही. आपल्या कोणत्याही आजीने न मोजता सांगितले असते. पण मोजल्यामुळे एक गोष्ट झाली: पाळण्यातल्या बाळाच्या गालावरची इवलीशी खूण आणि तीन वर्षांच्या दांडगोबाच्या कपाळावरचे टेंगूळ एकाच फुलीने दाखवले, तरी त्या दोन फुल्यांचे वजन निरनिराळे आहे, हे वाचणाऱ्याला उमगले.

आता ज्या चौकटीपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो तिथे येऊ. ‘आणणाऱ्याने सांगितलेली हकीकत, त्याच्याच शब्दांत.’ मुलीने मला विचारले, “हे कसं झालं?” इतकेच. “टेबलावर आपटला का?” असे विचारले नाही, कारण तसे विचारले की उत्तर आपण होऊन त्याच्या तोंडात घातले जाते. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले आणि तिने ते मोडकेतोडकेच अवतरणचिन्हांत उतरवले. एकही शब्द सुधारला नाही. मग तिने नातवाकडे वळून तोच प्रश्न तसाच विचारला. त्याने कपाळाला हात लावला आणि गंभीरपणे म्हणाला, “मुंगी मेली.”

आता आली का पंचाईत! मूल आपटले की आपण काय करतो? जमिनीवर नाहीतर टेबलावर एक चापट मारतो, “हात रे!” म्हणतो, आणि “बघ, मुंगी मेली” सांगून रडणाऱ्याचे लक्ष त्या कल्पित मुंगीकडे वळवतो. बिचारी मुंगी महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या अशी मरत आली आहे. त्या मुलीला मराठीचे अक्षर ठाऊक नव्हते. तिने दुसऱ्यांदा ऐकले आणि रोमन लिपीत, कानाला जसे लागले तसे, ‘मुंगी मेली’ लिहून घेतले. मग माझ्याकडे अर्थ मागितला. माझे स्पष्टीकरण तिने त्याच्या शब्दांत मिसळले नाही. खाली, निराळ्या ओळीत, ‘आजोबांनी सांगितलेला अर्थ’ म्हणून माझ्या नावावर टाकले. मूळ पाठ वर, टीका खाली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पोथ्या नकलून घेणाऱ्यांनी एवढा विवेक पाळला असता, तर पाठभेदांवर झिजलेली कितीतरी विद्वत्ता वाचली असती.

शेवटी सह्या, दोन. माझी सही म्हणजे कबुली नव्हे. ‘मी असे सांगितले’ एवढेच तिचे म्हणणे. तिची सही म्हणजे निवाडा नव्हे. ‘मी असे पाहिले’ एवढेच. दोन माणसे आपापल्या अनुभवापुरती जामीन राहतात आणि मधली जागा मोकळी ठेवतात. कागद एका मुलाचा एकच; दुसऱ्या पालकाने सही करताना माझ्या नातवाचे कपाळ वाचायचे कारण नाही. मग तो फडताळात बंद होतो. अशा कागदांना कोणताही एकच सरकारी साचा नाही, प्रत्येक नर्सरीचा थोडा निराळा असतो. इंग्लंडात 2008 पासून लागू असलेली पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची नियमावली नर्सरीत झालेल्या अपघातांची लेखी नोंद बंधनकारक करते, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमायला लावते. हे सुटे कागद एकत्र वाचायचे काम त्या व्यक्तीचे. एक फुली म्हणजे टेंगूळ. सहा महिन्यांतल्या नऊ फुल्या म्हणजे कदाचित धडपड्या स्वभाव, कदाचित चष्म्याची गरज, आणि कदाचित घरातले काहीतरी, जे मुलाला सांगता येत नाही.

या शेवटच्या ‘कदाचित’मागे इंग्लंडची एक जुनी वेदना आहे. व्हिक्टोरिया क्लिंबी ही मुलगी 1999 च्या जुलैमध्ये सात वर्षांची होती. तिला दिवसा सांभाळणाऱ्या बाईंच्या घरच्यांना तिच्या अंगावरच्या खुणा पाहवल्या नाहीत आणि त्यांनी तिला लंडनच्या रुग्णालयात नेले. पाहणारे डोळे होते. पण तिथे त्या खुणांचा अर्थ खरूज असा लावला गेला. 25 फेब्रुवारी 2000 रोजी, घरातल्या छळाने, ती गेली. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल 2003 साली आला आणि तिथली बालसंरक्षणाची घडी बदलली. रसग्रहणात हा परिच्छेद खुपेल याची मला कल्पना आहे. पण त्या कोऱ्या आकृतीत चेहरा का काढलेला नसेल, याचा विचार करताना मला तो टाळता आला नाही.

कागदाला स्वार्थही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पुण्यात माझा मुलगा लहानपणी ज्या काकूंच्या पाळणाघरात जायचा, त्या संध्याकाळी दारातच सांगत, “हे गुडघ्याचं आला तेव्हाच होतं हं.” हा त्याच फॉर्मचा मौखिक पाठ! आळ आपल्यावर येऊ नये ही दोन्हीकडची काळजी एकच. काकूंना मात्र प्रत्येक पोराचे गुडघे पाठ होते, आणि काकू सुटीवर गेल्या की ती सगळी पोथी त्यांच्याबरोबर जात असे.

एक पान तर असे आहे, की ज्यावर जखमच नसते. नातू पहिल्यांदा नर्सरीत गेला तेव्हा सुनेने पाठमोऱ्या आकृतीच्या कमरेखाली एक छायांकित ठिपका काढून घेतला होता. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना जन्मतः तिथे पाटीच्या रंगाचा निळसर, सपाट डाग असतो. दुखत नाही, काही वर्षांत आपोआप फिका होतो. ज्याने तो कधी पाहिला नाही त्याला तो मार वाटू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचे: हे लासे आहे, हे घेऊनच तो आला. सहाव्या रात्री आपण सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. तिने काय लिहिले ते कोणालाच वाचता येत नाही. हा दुसरा कागद आम्हाला वाचता आला, त्यावर सही करता आली, याचे मला त्या दिवशी उगाचच अप्रूप वाटले.

माझी सही होईपर्यंत नातू क्लिपबोर्डाला लोंबकळत होता. त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला डोळे काढायचे म्हणून त्याने पेन मागितले. मुलीने मान हलवली. या कागदावर आता कोणालाच काही काढता येणार नव्हते, तिलाही नाही. तिने आतून एक कोरा कागद आणि मेणखडू आणून दिला. त्याने एक मोठा गोल काढला, दोन डोळे, कानापर्यंत पोचणारे हसू, आणि कपाळावर एक फुली. मग जरा विचार करून पायापाशी एक काळा ठिपका.

“ही कोण?” तिने विचारले.

त्याने मराठीतच सांगितले, आणि तिने या वेळी अर्थ विचारला नाही.